ज्येष्ठमधासाठी ‘शंभर टक्के जैविक’ औषध घेताय? आधी हे वाचा

मावा, पानांचा रस शोषणारे बारीक कोळी, मुळं खाणारी हुमणी, सगळी कीड एकाच बाटलीने जाते आणि तेही पूर्ण जैविक, असं सांगून ज्येष्ठमध लावणाऱ्यांना औषधं विकणारे फिरत आहेत. आमची फसवणूक अशाच एकाने केली. तुमची होऊ नये म्हणून लिहितोय.

हे पीक त्यांना सोपं सावज वाटतं, कारण ज्येष्ठमधाचं नाव लेबलवर असलेली औषधं फार कमी मिळतात. त्यात मुळं काढायला तीन-चार वर्षं थांबायचं आणि ती जाणार औषधात, म्हणून रसायन मारायला कुणी धजत नाही. विक्रेत्याने नेमकं हेच हेरलं. निंबोळी आणि वनस्पतींचे अर्क आहेत म्हणाला, आणि फवारणीबरोबर मुळाशी आळवणीही (औषधाचं पाणी ओतणं) करायला लावली.

शेंड्यांवर मावा दाटला होता, खालची पानं चिकट झाली होती. सकाळी फवारलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा मावा मरून गळाला. निंबोळी अशी काम करत नाही. तिच्यातल्या अझाडिरॅक्टिन या घटकाने किडीचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. परिणाम दिसायला काही दिवस जातात. तासाभरात कीड पटापट पडत असेल तर बाटलीत दुसरं काहीतरी आहे, असा संशय घ्याच.

पुढे जे झालं ते जास्त वाईट. माव्याबरोबर मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्याही मेल्या. काही आठवड्यांत पानं वरून पांढुरकी, ठिपकेदार दिसू लागली. पान उलटून भिंगाखाली धरलं तर बारीक जाळी, आणि जाळीत आठ पायांचे कोळी. कोळी हा कीटक नव्हेच, बहुतेक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. उलट त्याला खाणारे मित्रजीव मेले की तो बेसुमार वाढतो. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “डोस वाढवा.”

तेव्हा न फोडलेली बाटली आणि मुळांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. बाटलीत इमिडाक्लोप्रिड आणि सायपरमेथ्रिन ही रासायनिक कीटकनाशकं निघाली. इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या आत शोषलं जातं, आणि आळवणीतून ते थेट मुळांपर्यंत जातं. मुळांतही त्याचा अंश सापडला आणि खरेदीदाराने माल नाकारला. वर्षानुवर्षं जमिनीत जपलेलं पीक एका खोट्या लेबलापायी पडून आहे, याचा संताप अजून जात नाही. विक्रेता आता फोन उचलत नाही.

लेबलवर सक्रिय घटकाचं नाव, त्याचं प्रमाण, नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर बाटली हातात घेऊ नका. नुसतं ‘वनस्पतीजन्य अर्क’ एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. हुमणीसाठी मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) देत असतील तर त्यावर बुरशीचं नाव आणि बीजाणूंची संख्या छापलेली हवी. मावा थोडाच असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही बराच पडतो, आणि ढालकिडे दिसत असतील तर चार दिवस थांबून बघा.

पक्की पावती घ्या, त्याच बॅचची एक सीलबंद बाटली बाजूला ठेवा. प्रयोगशाळेत देताना एखाद्याच औषधाचं नाव सांगू नका, बहु-अवशेष तपासणी, म्हणजे एकाच वेळी अनेक कीटकनाशकांचे अंश शोधणारी तपासणी, मागा. भेसळ कशाची आहे ते तुम्हाला आधी माहीत नसतं. आणि तक्रार लेखीच द्या, सोबत अहवालाची प्रत जोडून.