एक्सकायझर आधी की रायजिन-ओ? मुलीसोबत दोन्ही बघून झाल्यावर

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलांना ९० च्या दशकातल्या जुन्या जपानी रोबोच्या मालिका दाखवायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करू, युशा मालिकांपासून की एल्डोरानपासून? प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगितलं, आता एकदाच लिहून टाकतो. युशातली पहिली मालिका एक्सकायझर आणि एल्डोरानमधली पहिली रायजिन-ओ, ही दोन्ही मी माझ्या मुलीसोबत बघितलीयत, ती तेव्हा चौथीत होती, दर शनिवारी संध्याकाळी दोन भाग, कधी तीन, मराठीत काही मिळत नाही म्हणून सबटायटल मीच मोठ्याने मराठीत वाचून दाखवायचो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका घरातला, एका सोफ्यावरचा अनुभव आहे, तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं. रोबो जोडले कसे जातात, दर भागात तेच तेच सीन का येतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय या दोघांमधला फरक नीट कळत नाही. १९६३ साली तेत्सुजिन २८ टीव्हीवर आला तेव्हा शोतारो नावाचा पोरगा हातात रिमोट घेऊन बाहेर उभा राहायचा आणि रोबो लढायचा, रिमोट ज्याच्या हातात त्याचं रोबो ऐकणार. मग १९७२ ला माझिंगर झेड आला आणि पोरगा थेट रोबोच्या डोक्यात जाऊन बसला. १९७९ ला गंडाम आल्यावर रोबोच्या गोष्टी हळूहळू मोठ्यांच्या व्हायला लागल्या, युद्ध, राजकारण, मरणं, आणि सात-आठ वर्षांची पोरं बाजूला पडली (माझं मत, पण तेव्हाच्या मालिका ओळीने बघितल्या तर हेच दिसतं). ९० च्या सुरुवातीला त्याच पोरांसाठी पुन्हा काहीतरी करायचं म्हणून दोन वाटा निघाल्या, आणि मला आवडतं ते हे की दोन्ही वाटा एकाच स्टुडिओतून निघाल्या, सनराइजमधून, ज्यांनी गंडाम केला त्यांच्याकडूनच. एकीकडे ताकारा कंपनीची खेळणी आणि नागोया टीव्ही, ती युशा मालिका, म्हणजे १९९० चा एक्सकायझर आणि पुढे १९९८ पर्यंत एकूण आठ. दुसरीकडे तोमी कंपनी आणि टीव्ही तोक्यो, ती एल्डोरान मालिका, म्हणजे १९९१ चा रायजिन-ओ, मग गानबारुगर, मग गोसाउरर, असे तीन. त्या दोन खेळण्यांच्या कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या, पण तेव्हा त्या समोरासमोर होत्या.

दोघांतला खरा फरक असा. एक्सकायझरमध्ये रोबो हाच एक जीव आहे. अंतराळातला पोलीस, पृथ्वीवर येतो आणि कोता होशिकावा नावाच्या शाळकरी मुलाच्या घरच्या गाडीत शिरून राहतो. बाबांची गाडी, रोज दारात उभी असते ती, तीच एक्सकायझर! ही कल्पना मुलांना कशी लागू पडते हे बघायचं असेल तर पहिला भाग संपल्यावर मुलाला घेऊन पार्किंगमध्ये जा. माझी मुलगी आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं गप्प उभी होती आणि मग हळूच म्हणाली, "ऐकू येतंय का?" अजूनही गाडीत बसताना दार हळू लावते, पूर्वी आपटायची.

रायजिन-ओमध्ये उलट आहे. रोबो बोलत नाही. एल्डोरान नावाचा योद्धा लढता लढता एका प्राथमिक शाळेवर येऊन आदळतो आणि रोबो पाचवी-तिसऱ्या तुकडीच्या हवाली करतो. अख्ख्या वर्गाच्या, अठरा मुलांच्या. वर्गाचंच कंट्रोल रूम होतं, बाकं खाली जातात, तिघं जण तीन रोबोंमध्ये बसतात, जिन केन-ओमध्ये, असुका हो-ओमध्ये आणि कोजी जू-ओमध्ये, आणि उरलेली पंधरा मुलं वर्गातून काम करतात. कुणी नकाशा बघतंय, कुणी शत्रूची माहिती काढतंय, त्सुतोमु हिशेब करतोय, आणि या सगळ्यांवर मारिया शिरातोरी, ती वर्गाची मॉनिटर, तीच कमांडर. म्हणजे शोतारोचा रिमोट इथे अठरा हातांत वाटला गेलाय असं म्हणा.

आता एक्सकायझरच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे सांगतो कारण त्यात खूप आहे. तो रोबो पृथ्वीवर नवा आहे, त्याला इथल्या साध्या साध्या गोष्टी माहीत नाहीत, आणि त्या त्याला समजावून सांगतो एक लहान मुलगा. मुलांना दिवसभर सगळे शिकवत असतात, इथे मूल शिकवतंय आणि तो अवाढव्य रोबो गुडघ्यावर बसून ऐकतोय. ते बघताना माझी मुलगी ताठ बसायची. चोर पण मस्त आहेत, गाइस्टर नावाची अंतराळातली टोळी, डायनासोरच्या प्रदर्शनातल्या डायनासोरांमध्ये शिरलेली, खजिना चोरायला आलीय पण माणसांचा खजिना म्हणजे नक्की काय हेच त्यांना कळत नाही. मग अठ्ठेचाळीस भाग ते खजिना शोधत राहतात, आणि शेवटी तो खजिना म्हणजे काय ते एक्सकायझर टोळीच्या म्होरक्याला, डायनोगाइस्टला, सांगतो. मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की तो सीन मला वाचून दाखवता आला नाही, गळा भरून आला, मुलीने स्वतः इंग्रजी सबटायटल अडखळत वाचलं आणि मग आम्ही दोघं गप्प. शेवटाच्या बाबतीत रायजिन-ओ याच्या जवळपासही येत नाही, हे मान्य करायलाच हवं. चित्रंही एक्सकायझरची जास्त नेटकी वाटली मला, रायजिन-ओ भागागणिक वर-खाली होतो. आणि घरात ट्रेनवेडं मूल असेल तर एक्सकायझरमध्ये दोन शिनकानसेन भाऊ आहेत, ब्लू रेकर आणि ग्रीन रेकर, मग विचारूच नका.

तरीही आधी काय लावाल असं विचारलं तर मी थबकतो, आणि त्याचं कारण एकच आहे.

एक्सकायझर कोताला सांगतो की आपलं कुणाला सांगायचं नाही. गोष्टीसाठी ते लागतंच, नाहीतर गोष्ट पुढे जाणार कशी, आणि आपण सगळे असल्याच गोष्टींवर वाढलोय, दोस्ताचं गुपित वगैरे. पहिले पाच-सहा भाग मलाही त्यात काही वाटलं नाही. मग दर भागात कोता घरी काहीतरी थाप मारतो, कुठे गेला होतास तर इथेच होतो, उशीर का झाला तर असंच, ताई मागे लागते तिला टाळतो, आणि तो ज्याच्यासाठी हे करतोय तो चांगला आहे, त्यामुळे थापसुद्धा चांगली वाटायला लागते. त्याच महिन्यात मुलीच्या शाळेत मुलांच्या सुरक्षेवर एक सत्र झालं होतं, त्यात त्यांना अगदी पढवून घेतलं होतं की कुणी मोठा माणूस "हे आपलं सिक्रेट, आईला सांगू नकोस" म्हणाला तर पहिलं घरी येऊन सांगायचं, मग तो ओळखीचा असो की कितीही चांगला असो. आणि शनिवारी मी स्वतःच्या तोंडाने, एक्सकायझरच्या आवाजात, नेमकं तेच वाक्य मराठीत वाचून दाखवत होतो. एकदा ते कानाला खटकलं आणि मग प्रत्येक भागात खटकत राहिलं.

तरी मी सोडून दिलं असतं. पण दिवाळीनंतर ती सायकलवरून पडली, गुडघा चांगलाच सोलवटला होता, आणि तिने दोन दिवस सांगितलं नाही, लेगिंग घालून फिरत राहिली. आईला दिसलं तेव्हा जखम कपड्याला चिकटली होती, कोमट पाणी सोडत सोडत हळूहळू सोडवावी लागली. का नाही सांगितलंस तर म्हणाली, "कोता पण नाही सांगत." ओरडा बसेल म्हणून लपवलं असणार हे उघड आहे, मीही लहानपणी लपवलंय, आणि एका कार्टूनवर सगळं ढकलणं बरोबर नाही हे मला कळतं. पण कारण म्हणून तिला ते नाव सुचलं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. पुढचे भाग आम्ही थांबून थांबून बघितले, पॉज करून बोललो, कोताने इथे कुणाला सांगायला हवं होतं, ताईला सांगितलं असतं तर काय झालं असतं. त्या गप्पा छान झाल्या खरं तर. फक्त त्यासाठी शेजारी मोठं माणूस बसलेलं लागतं, मूल एकटं बघणार असेल तर या गप्पा होणार नाहीत.

रायजिन-ओमध्ये ही भानगडच नाही. पाचवी-तिसऱ्या तुकडीची मुलं पृथ्वीचं रक्षण करतात हे शाळेला माहीत, गावाला माहीत, आईबापांना माहीत. त्यामुळे भांडणं, काळज्या, अभ्यास राहिला म्हणून ओरडा, हे सगळं उघड्यावर होतं आणि मला तेच जास्त खरं वाटलं. (गंमत म्हणजे पुढच्याच मालिकेत, गानबारुगरमध्ये, पुन्हा गुपित आणलंय, कुणाला कळलं तर मुलं कुत्री होतील असा शाप आहे. तो शाप इतका मजेशीर आहे की तिथे मला गुपिताचा त्रास झाला नाही, पण ते नंतर बघा.)

शिवाय राक्षस तयार व्हायची पद्धत. शत्रूने टाकलेला एक गोळा कुठेतरी पडलेला असतो आणि माणूस "मेइवाकु" म्हणाला, म्हणजे आपलं "काय वैताग आहे", की त्यातून राक्षस निघतो, ज्या गोष्टीचा वैताग आला त्याच गोष्टीचा. मुलाला समजवायला काही लागत नाही. आमच्या घरी आता कुणी वैतागून "वैताग" म्हणालं की दुसरा लगेच सोफ्याखाली वाकून गोळा शोधतो, आणि अर्धा वैताग तिथेच उतरतो.

त्रास यातही आहे. अठरा मुलं एकदम बोलतात, सबटायटल वाचून दाखवणाऱ्याची पार दमछाक होते, तीन ओळी येऊन गेलेल्या असतात आणि तुम्ही पहिलीवरच. पहिले आठ-दहा भाग तर कोण कोण आहे हेच मला कळेना, मुलीला माझ्याआधी कळलं. रोबो जोडायचा तोच लांबलचक सीन दर भागात येतो, पण तेवढ्यात मी पाणी प्यायचो त्यामुळे माझी तक्रार नाही. भाग एक्कावन्न आहेत, एप्रिल १९९१ ते मार्च १९९२, म्हणजे जपानी शाळेचं बरोब्बर एक वर्ष, आणि पळवत नेलं तर मधले भाग एकसारखे वाटतात. आठवड्याला दोनच बघा. मधल्या भागांत एकेका मुलावर एकेक गोष्ट येते, मागच्या बाकावरचा, कुणाच्या लक्षात न राहणारा मुलगा अचानक त्या दिवशीचा मुख्य होतो, आणि ते भाग घाईत वाया जातात. कोजीकडे लक्ष ठेवा, तो घाबरट, खेळात मागे, तरी तिघांत त्याची निवड झालीय, त्याचे भाग मला सगळ्यात आवडतात.

मग ठरवायचं कसं? मूल एकुलतं असेल, स्वतःच्या जगात रमणारं असेल, आणि तुम्ही दर वेळी शेजारी बसणार असाल, तर एक्सकायझर आधी लावायला काहीच हरकत नाही, त्याचा शेवट तुम्हाला पुरेल. मूल आठच्या आत असेल किंवा बऱ्याचदा एकटं बघणार असेल तर मी तरी रायजिन-ओ लावेन. एक्सकायझरसारखाच बोलणारा रोबो हवा पण गुपित नको, असं असेल तर त्याच युशा मालिकांमधला १९९४ चा जे-डेकर बघा. तिथे चौथीतला युता सुरुवातीला लपूनछपून रोबोला भेटतो पण लवकरच सगळं उघड होतं आणि तो पोलिसांचा अधिकृत बॉस होतो, बिल्ल्यासकट. गाओगायगार, युशातलाच १९९७ चा, तेवढा मात्र आधी नको, मोठी भावंडं आग्रह करतील तरी नको, तो अकरा-बारा वर्षांनंतरच.

रायजिन-ओ संपल्यावर एकदा दप्तर आवरताना मुलीच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान दिसलं. डावीकडे अठरा नावं, मारिया, जिन, त्सुतोमु, सगळी देवनागरीत, समोर प्रत्येकाचं काम. उजवीकडे तिच्या स्वतःच्या वर्गातली नावं, बावन्न. अठरा कामं बावन्न जणांना पुरेनात म्हणून तिने नवीन शोधली होती, पाण्याच्या बाटल्या भरणारा, लहान वर्गांना जिन्यावरून खाली नेणारी, रडणाऱ्यांजवळ बसणारा. जिच्याशी तेव्हा महिनाभर कट्टी होती तिचं नाव खोडरबरने दोनदा खोडलेलं दिसत होतं, कागद तिथे पातळ झाला होता, आणि तिसऱ्यांदा लिहून समोर काम दिलं होतं, कमांडर.