जर्मनीत इंग्रजीवर भागवायचं की जर्मन शिकायची?

शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या भाच्याला जर्मनीत नोकरी लागली. "मामा, ऑफिसात सगळं इंग्रजीच हाय, मग जर्मन कशाला?"

खर्चाचं बघितलं तर इंग्रजी फुकटच. जर्मनला क्लासची फी, परीक्षेची फी आणि रोजचा तास-दीड तास. लिंगं मराठीसारखीच तीन, पण आपला सूर्य तिकडं स्त्रीलिंगी! पाठांतराला पर्याय नाही.

कागदपत्रांत मात्र पारडं फिरतं. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असणाऱ्याला, कायम वास्तव्याचा परवाना जर्मनच्या ए-१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर २७ महिन्यांनी मागता येतो, बी-१ म्हणजे मधली पातळी असेल तर २१ महिन्यांनीच. नागरिकत्वालाही साधारण बी-१ लागतं.

आणि ऑफिसाबाहेर? सरकारी पत्रं जर्मनमध्येच येतात; दरवेळी कुणाच्या तोंडाकडं बघणार? आपल्या कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, बंगाली कारागीर हिंदीवर भागवू शकला असता. पण तो "काय भावा, च्या घेणार काय?" म्हणतो आणि गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं.

वर्षभराचं प्रोजेक्ट असेल तर इंग्रजी आणि दुकानापुरती जर्मन बास. बायका-पोरांसह राहायचं असेल तर बी-१चा अभ्यास विमानात बसायच्या आधी, इथूनच सुरू करावा. भाच्याचं लग्न ठरलंय, त्यामुळं त्याला मी बी-१चंच सांगितलं.