पैसा गेला कुठे, हे विचारणारी लेखणी : सुचेता दलाल यांची तीन पुस्तके

जळगावच्या नवी पेठेत कर सल्लागार म्हणून काम करताना माझ्या टेबलावर कायद्याची पुस्तके कायम असतात, पण त्यांच्याच शेजारी गेली अनेक वर्षे तीन पुस्तके अशी आहेत की ज्यांचा विवरणपत्रे भरण्याशी थेट संबंध नाही. तिन्ही पुस्तके सुचेता दलाल यांची असून त्यांपैकी पहिले आणि तिसरे त्यांनी पती देबाशिष बसू यांच्यासह लिहिले आहे. एकेका पुस्तकाची ओळख करून देण्यापेक्षा ही तिन्ही एकत्र वाचल्यावर वृत्तपत्रातील अर्थविषयक स्तंभलेखिकेची तीस वर्षांहून अधिक काळाची कारकीर्द कशी दिसते आणि आमच्या खानदेशातील वाचकाला तिचा काय उपयोग होतो, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

ही गरज मला एका माणसामुळे कळली. चोपडा तालुक्यातील एक वयोवृद्ध शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू, ते एका सकाळी मुदत ठेवीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कार्यालयात आले. दोन हंगामांचा कापूस आणि विकलेल्या जमिनीच्या तुकड्याची रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली होती आणि त्या संस्थेच्या शाखेला कुलूप लागले होते. त्यांनी व्याजाचे विचारले नाही, खटल्याचे विचारले नाही. "वकीलसाहेब, मना पैसा कथा गया, इतलंच सांगा," एवढेच ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. ठेवीची पावती खरी होती, सही खरी होती, शिक्का खरा होता. पण त्या पैशाने पुढे कोणता रस्ता धरला हे सांगणारा एकही कागद त्या पिशवीत नव्हता. दलाल यांच्या लेखनाकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो, कारण त्यांनी आयुष्यभर नेमका हाच प्रश्न मोठमोठ्या संस्थांना विचारला आहे.

पहिले पुस्तक म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहता याच्या नावाने गाजलेल्या १९९२ च्या रोखे घोटाळ्यावरचे, १९९३ साली आलेले 'द स्कॅम'. त्याची पार्श्वभूमी आज बहुतेकांना ठाऊक आहे, कारण २०२० साली आलेल्या 'स्कॅम १९९२' या मालिकेने ती घराघरांत पोहोचवली. मात्र मालिका पाहून पुस्तक वाचल्यासारखे झाले असे ज्यांना वाटते त्यांनी ते पुन्हा हातात घ्यावे, असा माझा आग्रह आहे. मालिकेच्या मध्यभागी एक माणूस आहे आणि पुस्तकाच्या मध्यभागी एक कागद आहे. तो कागद म्हणजे 'बँक रिसीट'. दोन बँकांमध्ये सरकारी रोख्यांचा सौदा झाला की रोखे प्रत्यक्ष हातात येईपर्यंत विकणाऱ्या बँकेने खरेदीदार बँकेला ही पावती द्यायची, असा प्रघात होता. ठरावीक मुदतीनंतर तेच रोखे ठरलेल्या भावाने परत घ्यायचे, म्हणजे 'रेडी फॉरवर्ड' सौदा करायचा, ही तेव्हाची अल्पमुदतीने पैसे उभे करण्याची रूढ पद्धत होती. दोन बँकांच्या मध्ये शेअर दलाल उभा राहिला, धनादेश त्याच्या खात्यात जमा होऊ लागले आणि पावतीमागे रोखे आहेत की नाहीत हे पाहण्याची तसदी कोणी घेईनासे झाले, तेव्हा बँकांचा पैसा शेअर बाजारात वाहू लागला.

हे मी माझ्या अशिलांना समजावतो तेव्हा जिनिंगचे उदाहरण देतो. गोदामात कापसाच्या शंभर गाठी आहेत अशी पावती दाखवून व्यापाऱ्याने उचल घ्यावी, आणि गोदामाचे दार उघडल्यावर आत एकही गाठ निघू नये, तसेच हे होते; फरक एवढाच की येथे पावती देणारी आणि पावतीवर विश्वास ठेवणारी, दोन्ही बाजूंना बँका होत्या. मराठी वाचकाला विशेष बोचणारी गोष्ट अशी की, ज्या दोन लहान बँकांच्या पोकळ पावत्या या प्रकरणात वापरल्या गेल्या त्यांपैकी एक 'बँक ऑफ कराड' होती. मुंबईच्या महासागरात घडलेली ही गोष्ट आहे असे समजून वाचणाऱ्याला कराडचे नाव दिसते तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या लहान बँकेचे नावही त्या जागी असू शकले असते, हे लक्षात येते.

२३ एप्रिल १९९२ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त सुचेता दलाल यांची बातमी आली. स्टेट बँकेच्या रोख्यांच्या हिशेबात सुमारे ५०० कोटी रुपयांचा मेळ बसत नव्हता आणि बाजारातील सर्वांत मोठ्या दलालाकडे ती रक्कम मागितली जात होती, हा त्या बातमीचा गाभा होता. आदल्याच दिवशी सेन्सेक्स ४,४६७ अंशांवर, तोवरच्या सर्वोच्च पातळीवर पोहोचला होता. २८ एप्रिलला तो एका दिवसात ५७० अंशांनी कोसळला. मी तेव्हा नुकताच उमेदवारी करत होतो आणि मुंबईचा इंग्रजी पेपर वरिष्ठांच्या कार्यालयात गाडीने उशिरा पोहोचत असे. तो वाचण्यासाठी शेजारचे डाळमिलवाले आणि एक-दोन सराफही येऊन बसत. त्या दिवसांत जळगावातही एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरच्या भावाची चर्चा कापसाच्या भावासारखी होत असे, आणि ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नव्हता त्यांनीही अर्ज भरले होते.

पुस्तकाचे खरे सामर्थ्य असे की ते हर्षद मेहता या एका नावावर थांबत नाही. परदेशी बँका, राष्ट्रीयीकृत बँका, सार्वजनिक उपक्रमांच्या ठेवी, सरकारी रोख्यांची नोंद ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातील हाताने लिहिलेल्या नोंदी आणि या सर्वांकडे पाहूनही न पाहणारे अधिकारी, यांची साखळी ते एकेक कडी करून उलगडते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने या व्यवहारांतील रक्कम ४,००० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले आणि पुढे संयुक्त संसदीय समितीही नेमली गेली. परंतु अहवालांची भाषा सामान्य माणसाला पचत नाही. तीच सामग्री गोष्टीसारखी, पण एकही आकडा सैल न सोडता मांडणे हे वृत्तपत्रात वाढलेल्या लेखणीलाच जमते. रोजच्या बातमीत पाचशे शब्दांत गुंतागुंतीचा व्यवहार बसवण्याची जी सवय हाताला लागते, ती या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात जाणवते. पुढील आवृत्तीत शेअर दलाल केतन पारेख याच्या घोटाळ्यापर्यंतचा भाग जोडला आहे. विकत घेताना तीच वाढीव आवृत्ती घ्यावी, कारण नऊ वर्षांनी, २००१ साली, वेगळी माणसे आणि वेगळ्या बँका घेऊन तोच पोकळपणा कसा परत आला हे त्याशिवाय कळत नाही. माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक त्याच वर्षी बुडाली आणि तिच्यात पैसे ठेवलेल्या इतर सहकारी बँकांनाही तिने ओढले, ही गोष्ट सहकारी बँकांच्या भरवशावर जगणाऱ्या जिल्ह्यातील प्रत्येक संचालकाने वाचावी.

या पुस्तकात मला खटकलेली बाब म्हणजे नावांची गर्दी. संस्था, अधिकारी, दलाल आणि कंपन्या एवढ्या वेगाने येतात की पहिल्या वाचनात वाचक हरवतो. मी वहीच्या शेवटच्या पानावर कोणी कोणाला पैसे दिले याचा तक्ता पेन्सिलीने काढत गेलो, तेव्हाच दुसऱ्या वाचनात चित्र स्पष्ट झाले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक असेच, हिशेब लिहीत वाचावे.

दुसरे पुस्तक ए. डी. श्रॉफ यांचे चरित्र आहे. उद्योगपतींनी १९४४ साली मांडलेल्या 'बॉम्बे प्लॅन' या आर्थिक विकासाच्या आराखड्याच्या कर्त्यांपैकी एक, त्याच वर्षी जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य आणि १९५६ साली खासगी उद्योगाचा पुरस्कार करणारी 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' ही संस्था स्थापन करणारे श्रॉफ हे अर्थव्यवहाराच्या इतिहासातील मोठे नाव आहे. परंतु येथे लेखिकेचा सूर आदराचा आहे आणि एरवी तिच्या लेखनात असलेली उलटतपासणी मंदावते. अभ्यासकाने संग्रही ठेवावे, सामान्य वाचकाने वाचनालयातून आणून वाचावे, असे माझे मत आहे.

तिसऱ्या पुस्तकाकडे येण्यापूर्वी मधल्या काळाविषयी थोडे सांगावे लागेल, कारण कारकीर्दीचे खरे वळण तेथे आहे. दलाल यांनी मोठ्या वृत्तपत्रातील पद सोडले, इंडियन एक्स्प्रेस समूहासाठी स्तंभलेखन केले, २००६ साली 'मनीलाइफ' हे नियतकालिक बसू यांच्यासह सुरू केले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे 'मनीलाइफ फाउंडेशन' ही गुंतवणूकदारांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. जाहिरातदारांच्या पैशावर चालणाऱ्या पानावर जाहिरातदारांविषयी लिहिणे किती अवघड असते हे आम्ही जिल्हास्तरावर रोज पाहतो. पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची पानभर जाहिरात आणि तिच्या थकीत कर्जांची बातमी एकाच अंकात कधी दिसत नाही. म्हणून वाचकाच्या बाजूने लिहिण्यासाठी स्वतःचे नियतकालिक काढण्याचा निर्णय मला त्यांच्या कोणत्याही गाजलेल्या बातमीइतकाच मोलाचा वाटतो.

'अ‍ॅब्सोल्यूट पॉवर' हे तिसरे पुस्तक २०२१ साली आले आणि ते राष्ट्रीय शेअर बाजाराविषयी आहे. १९९२ च्या घोटाळ्यानंतर व्यवहार पारदर्शक व्हावेत, दलालांची मक्तेदारी मोडावी, म्हणून संगणकावर चालणारा जो बाजार उभा राहिला आणि १९९४ साली सुरू झाला, त्याच बाजारावर सत्तावीस वर्षांनी याच लेखकांना पुस्तक लिहावे लागले. पहिले आणि तिसरे पुस्तक लागोपाठ वाचले तर हा धागा विलक्षण अस्वस्थ करतो. पहिल्या पुस्तकात खोटेपणा कागदाच्या पावतीत होता. येथे प्रश्न सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागांचा आहे. बाजाराच्याच आवारात दलालांचे सर्व्हर ठेवण्याच्या, म्हणजे 'को-लोकेशन'च्या सोयीत काहींना भावाची माहिती इतरांच्या आधी मिळत होती, असा आरोप एका अनामिक पत्रातून पुढे आला आणि 'मनीलाइफ'ने २०१५ साली त्यावर लिहिले. बाजाराने शंभर कोटींच्या अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी बाजाराचा लेखनाला मनाई करण्याचा अर्ज फेटाळला, आणि पन्नास लाखांचा खर्च बाजारावर बसवला. त्यांतील दीड-दीड लाख रुपये दोघा पत्रकारांना आणि उरलेले दोन रुग्णालयांना द्यावेत असा आदेश झाला. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी तो आदेश मुळातून वाचावा, असे मी म्हणेन.

हे पुस्तक मला सर्वांत अवघड गेले. तांत्रिक भाग दोनदा वाचूनही पूर्ण उमगला असे मी म्हणणार नाही. शिवाय ते वाचताना त्यानंतरच्या घडामोडीही सोबत ठेवाव्यात. शेअर बाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०१९ साली राष्ट्रीय शेअर बाजाराला सहाशे कोटींहून अधिक रक्कम भरण्यास सांगितले होते, परंतु २०२३ साली रोखे अपील न्यायाधिकरणाने तो भाग रद्द करून शंभर कोटी गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरण्याचा आदेश दिला. लेखकांची बाजू ठाम आहे. वाचकाने ती बाजू म्हणूनच वाचावी आणि निकालपत्रेही पाहावीत.

तिन्ही पुस्तकांत मला एक उणीव सारखीच जाणवते आणि ती आमच्या भागाशी संबंधित आहे. हे लेखन मुंबईतून मुंबईकडे पाहते. रिझर्व्ह बँक, सेबी, मोठे बाजार यांच्या पलीकडे सहकार आयुक्त, जिल्हा उपनिबंधक, बहुराज्य संस्थांची दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे होणारी नोंदणी, बंद पडलेल्या संस्थेचा हिशेब मिटवणाऱ्या अवसायकाच्या कार्यालयातील वर्षानुवर्षांच्या रांगा, हे जग या पुस्तकांच्या कक्षेत येत नाही. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हा एक फरक आप्पांना पावती घेण्याआधी कोणी सांगितला असता तर पुढचे बरेच टळले असते. दलाल यांनी मुंबईच्या संस्थांसाठी जे केले ते धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या संस्थांसाठी मराठीत, चिकाटीने आणि कागदपत्रांसह करणारा स्तंभ आमच्या वृत्तपत्रांत असावा, ही माझी तीव्र इच्छा आहे आणि तो कसा लिहावा याचा धडा 'द स्कॅम'मध्ये आहे.

ज्यांना एकच पुस्तक घ्यायचे आहे त्यांनी 'द स्कॅम'ची वाढीव आवृत्ती घ्यावी. इंग्रजी सोपे आहे, परंतु बँकिंगच्या संज्ञा जाणणारी एखादी व्यक्ती जवळ असेल तर वाचन सुकर होते. माझी प्रत सध्या आप्पांच्या नातीकडे आहे. ती वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात असून दर शनिवारी कार्यालयात येते आणि तिने बँक रिसीटच्या प्रकरणापर्यंत तक्ता काढून आणला आहे. मागच्या खेपेला तिने आजोबांच्या पावत्यांवरील शाखेचे नाव आणि संस्थेचा जुना ताळेबंदही सोबत आणला होता, आणि आम्ही त्यातील 'इतर येणी' या रकान्यापाशी थांबलो आहोत.