दोन टीबीची डिस्क, आत ५९ जीबी

लॅपटॉपच्या ५१२ जीबी डिस्कवर विंडोज आणि उबंटू शेजारी शेजारी नांदत होते. जागा संपत आली, म्हणून उबंटू बाहेरच्या डिस्कवर हलवायचं ठरवलं. एका मोठ्या शॉपिंग साइटच्या सेलमध्ये दोन टीबीची पोर्टेबल एसएसडी अडीच हजारांच्या आत मिळाली. वर चार तारे आणि 'ओरिजिनल प्रॉडक्ट'वाल्या रिव्ह्यूंची रांग.

लिनक्समधल्या डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडने आतली सगळी डिस्क बाहेरच्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणजे क्लोन केली. एकही एरर नाही. वेळ मात्र जवळपास चार तास लागला. खऱ्या पोर्टेबल एसएसडीला सेकंदाला ४००-५०० एमबीच्या वेगाने हे काम वीसएक मिनिटांचं. विक्रेत्याला विचारलं तर "सर, केबल बदलून बघा." केबल त्यांचीच होती.

नंतर बूट मेनूतून बाहेरची डिस्क निवडली, ग्रब (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आला, उबंटू झोकात सुरू झालं. फाइली होत्या, वॉलपेपरसुद्धा तोच. आता कोण शंका घेईल?

खरी गोम इथे आहे. क्लोन केलं की पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक हिश्श्याचा, यूयूआयडी हा ओळख क्रमांकही हुबेहूब उतरतो. ग्रब आणि लिनक्स पार्टिशन शोधतात ते या यूयूआयडीवरून. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर ओळख एकच, त्यामुळे बाहेरून फक्त ग्रब सुरू व्हायचा आणि बाकी सगळं आतल्या जुन्या डिस्कवरून चालायचं. परतीची मुदत सात दिवसांची. तेवढा काळ नकली माल असा मजेत निभावून जातो. (विंडोज यूएसबीवरून धड बूट होत नाहीच, त्यामुळे तिकडूनही पत्ता लागला नसता.)

आतलं उबंटू पुसण्याआधी आतली डिस्क (एनव्हीएमई) काढून ठेवली आणि बूट केलं. काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट. मुदत तेव्हा उलटून गेली होती.

डिस्कची खरी जागा तपासणारं एफ३ नावाचं मोफत साधन आहे, त्यातलं एफ३प्रोब चालवलं. निकाल: नकली, प्रकार 'लिंबो', वापरण्याजोगी जागा ५९ जीबी. अशा डब्यांत बहुधा मायक्रोएसडी कार्ड गोंदाने चिकटवलेलं असतं आणि कंट्रोलरला (डिस्क चालवणाऱ्या चिपला) दोन टीबी सांगायला पढवलेलं असतं. खऱ्या जागेपुढे लिहिलेलं सगळं तो 'लिहिलं' म्हणून कळवतो आणि टाकून देतो; यालाच 'लिंबो' म्हणतात. डीडी लिहिलेलं परत वाचून पाहत नाही, म्हणून त्याला एरर कुठून दिसणार! विंडोजवाल्यांसाठी याच कामाचं एच२टेस्टडब्ल्यू आहे. माल हातात आला की क्लोनच्या आधी हेच चालवा. आणि क्लोन तपासताना जुनी डिस्क काढाच.

विक्रेत्याने आधी फॉरमॅट करायला सांगितलं, मग रिव्ह्यू टाकू नका, पाचशे रुपये देतो म्हणाला. साइटचं पालुपद एकच, मुदत संपली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, एफ३प्रोबच्या निकालाचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं, हेही लिहिलं. त्यानंतर साइटवाल्यांचा सूर बदलला आणि पैसे परत आले.

डिस्क परत मागितली तेव्हा ते ५९ जीबी शून्यांनी भरून टाकले, कारण विंडोजचा सुरुवातीचा भाग तेवढा खरंच उतरला होता. त्यापलीकडे पुसण्यासारखं काही नव्हतंच.