गादीतलं पीआरपी: आधी विचारा, सुई नेमकी कुठे जाणार?

पीआरपी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) दाट असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव. 'कंबरेसाठी पीआरपी' या एकाच पाटीखाली चार वेगळे माल विकले जातात: स्नायूत दिलेलं, मणक्याच्या छोट्या सांध्यात दिलेलं, नसेभोवती सोडलेलं आणि खरोखर दोन मणक्यांमधल्या गादीत दिलेलं. इथे बोलायचंय ते चौथ्याबद्दल. ते ओळखणं सोपं आहे. खोलीत सी-आर्म (सुई आत कुठे आहे ते त्याच वेळी दाखवणारं एक्स-रे यंत्र) किंवा सीटी स्कॅन नसेल, तर सुई गादीत गेलीय हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

रक्त साधारण 30 ते 60 मिली काढतात, ते गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवतात. तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे पांढुरकी पातळ साय. प्लेटलेट्सचा दाट साठा त्या सायीजवळ. यंत्राला जोरात ब्रेक लावला की साय ढवळते आणि पीआरपीच्या नावाने नुसता प्लाझ्मा हाती येतो. म्हणून तयार नमुन्यातल्या प्लेटलेट्स मोजल्या का, हे विचाराच. रक्ताच्या 3 ते 5 पट हे नेहमीचं लक्ष्य; न मोजता सांगितलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे.

गादीत जेमतेम 1 ते 2 मिली मावतं. रुग्णाला पालथं झोपवून सुई तिरकी, नसेच्या बाजूने आत नेतात. पायात झटका आला तर तो लगेच सांगता यायला हवा, म्हणून गाढ भूल नको. औषध ढकलताना नेहमीचीच कळ उमटू शकते. गादीची चीर आरपार असेल तर औषध बाहेर झिरपतं.

पुढचे काही दिवस, कधी आठवडाभर, दुखणं वाढतं. त्यात डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ देत नाहीत, कारण प्लेटलेट्सच्याच कामात त्या गोळ्या आड येतात. खरी भीती जंतुसंसर्गाची. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नाही, त्यामुळे अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही. दुखणं उतरायला लागून पुन्हा चढलं तर वाट पाहू नका. ताप नसला तरीही.

फायदा होतो का? 2016 च्या 47 जणांच्या चाचणीत 8 आठवड्यांनी पीआरपीचा गट सरस ठरला. 2022 मध्ये 26 जणांवर सलाइनशी तुलना केली, तर फरक दिसला नाही. एवढ्याशा पुराव्यावर 'गादी पुन्हा तयार होते' म्हणणं ही निव्वळ जाहिरात.

गादीची उंची बऱ्यापैकी टिकलेली, दुखणं एका-दोन गाद्यांपुरतंच आणि काही महिने नेटाने व्यायाम करूनही न हटलेलं, अशांनीच विचार करावा. गादी पार चपटी झालेल्यांनी आशा धरू नये. पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर हा दवाखानाच चुकला. थेट मणक्याच्या सर्जनकडे. आणि काळी पडलेली गादी न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते, तेव्हा नुसत्या फिल्मवर बोट ठेवून गादी निवडणारा डॉक्टर नको.

पहिल्या भेटीतच तीन इंजेक्शनांचं पॅकेज गळ्यात मारत असतील तर उठून या. प्रत्येक सुई म्हणजे गादीच्या वेष्टनाला आणखी एक भोक.