गाडी ताब्यात घेताना छतावर चढून बघा

पुण्याहून कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय, ओटा आणि टॉयलेट असलेली गाडी, भाड्यानं घेऊन मालवणला जायचा विचार करत असाल तर गाडी बुक करायच्या आधी हे वाचा. आमच्या २५,००० च्या डिपॉझिटमधले साडेएकवीस हजार गेले, आणि ज्या पद्धतीनं गेले त्यावरून हे आमच्या आधीही कुणाबरोबर झालंय अशी माझी खात्री पटली आहे.

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत. वाटेतल्या ढाब्यांवर उकिडवं बसणं त्यांना अशक्य आहे, म्हणून चार वर्षं त्यांचं माहेरी, मसुऱ्याला जाणं झालंच नव्हतं. गाडीतच कमोड असतो हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस आधीच बॅग भरून दाराशी आणून ठेवली. आम्ही जानेवारीतले चार दिवस ठरवले. भाडं दिवसाला ९,०००, डिपॉझिट वेगळं. गाडीवाल्यांनी सगळे पैसे यूपीआयनं एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागितले, बिल 'गाडी परत आली की' देतो म्हणाले. मी पाठवले.

ऑफिसचा पत्ता विचारला तेव्हा 'तुमच्या सोयीसाठी हायवेवरच गाडी आणून देतो' असं उत्तर आलं. पहाटे पाच वाजता बायपासवरच्या एका पेट्रोल पंपावर गाडी आली. मिट्ट काळोख, थंडी, सासूबाई रिक्षात बसलेल्या. गाडी घेऊन आलेला मुलगा घाई करत होता, दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे जायचंय म्हणाला. मोबाइलवर चार पानांचा इंग्रजी करार उघडला आणि माझ्या नवऱ्यानं बोटानं सही केली. गाडी सुस्थितीत मिळाली, असं त्यात लिहिलेलं होतं. आम्ही ते घरी परतल्यावर वाचलं.

नंबरप्लेट पांढरी होती. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, आणि आपण स्वतः चालवायला घेतो त्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्यानं दिलेला वापर बसत नाही. फोंडा घाट उतरताना काही झालं असतं तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण होतं, आणि गाडीत माझा अकरा वर्षांचा मुलगा होता. पैशांपेक्षा मला याची जास्त चीड येते. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कोणत्या प्रकारची, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, हे एका मिनिटात दिसतं. गाडीचा नंबर बुकिंगच्या वेळीच मागा. देत नसतील तर तिथेच थांबा.

राधानगरीच्या अलीकडे सासूबाईंना जायचं होतं. टॉयलेटचं झाकण उघडलं तर खालची टाकी आधीच भरलेली, वास सबंध गाडीत पसरला. कमोडखालची ती टाकी बाहेरच्या दारातून ओढून रिकामी करायची असते. आमच्या आधीच्या लोकांनंतर ती कुणी रिकामीच केली नव्हती. आईंनी काही तक्रार केली नाही. पुढे कणकवली येईपर्यंत त्या पाणी प्यायल्या नाहीत, एवढंच.

रात्री चिवला बीचजवळ गाडी लावली. आठ तास चालेल असं सांगितलेली बॅटरी दोन तासांत बसली, पंखा आणि दिवे बंद. मी फोन केला तर 'बाहेरून लाइट घ्या मॅडम' म्हणाले. शेजारच्या घरातल्या बाई कंदील घेऊन बाहेर आल्या. "आतमध्ये येवा, खोली रिकामी आसा," म्हणाल्या. तीन रात्री आम्ही त्यांच्याकडेच झोपलो आणि नऊ हजार रुपये रोजाची गाडी अंगणात उभी राहिली. गावाबद्दल माझ्या मनात एवढाही कडवटपणा नाही. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं मुलगा तासभर नुसता उभा होता. आईंना होडीत चढणं जमलं नाही, म्हणून जेटीवर बसूनच त्यांनी नातवाला सिंधुदुर्ग दाखवला. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आणि आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. ते त्यांनी लहानपणी पाहिलेत.

गाडी परत करायची वेळ त्यांनीच ठरवली होती, रात्री अकरा. पुन्हा तोच पंप. या वेळी दोघं आले होते. त्यांनी ना टायर बघितले, ना दारं, ना स्वयंपाकाचा ओटा. एकजण थेट मागच्या शिडीवरून छतावर चढला आणि टॉर्च सरळ रूफ व्हेंटवर, म्हणजे हवा खेळायला छतात असते त्या छोट्या खिडकीवर मारला. झाकणाला तडा होता. बाकी काहीही न तपासता त्याला तो तडा बरोबर कुठं आहे हे माहीत होतं.

व्हेंटचे १५,०००, टॉयलेट सफाईचे ४,०००, 'बॅटरी खराब केल्याचे' २,५००. नवरा बारा तास गाडी चालवून आलेला, मुलगा झोपलेला, आई रिक्षाची वाट बघत उभ्या. वाद घातला, पण सही दाखवली गेली. ३,५०० परत आले.

चार दिवसांनी मुलाच्या फोनमध्ये फोटो सापडला. मालवणातल्या पहिल्या सकाळी त्यानं शेजारच्या माडावर चढून गाडीचा वरून फोटो काढला होता. मोठा करून बघितला तर व्हेंटवर तोच तडा, आणि तड्यावर सिलिकॉनचा लेप. तो पिवळा पडलेला, कडेनं सुटलेला, धूळ बसून काळा झालेला. एका रात्रीत सिलिकॉन असं होत नाही.

त्याच जोरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर गाडीवाल्यांकडून '८,००० घेऊन विषय मिटवा' असा निरोप आला. मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे असं होऊन गेलेल्यांनीही उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

गाडी घ्यायला दिवसाउजेडी जा, आणि त्यांच्या माणसाला बरोबर ठेवून सलग व्हिडिओ काढा: छत, टॉयलेटची टाकी, बॅटरीवर पंखा सुरू करून. तो व्हिडिओ तिथूनच त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे वेळ नोंदली जाते. त्यांना घाई असेल तर असू दे.

पुण्याहून कॅराव्हॅन घेऊन गेलेल्या कुणाकडे व्हेंटच्या तड्यावर पिवळा सिलिकॉन दिसणारा फोटो असेल, तर तारखेसह मला पाठवा. माझ्या तक्रारीला जोडायचा आहे.