सोया चंक्स: प्रोटीन भरपूर, पण वजन कोरडं असतानाच करा

जिम लावली की आठवड्याभरात व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या पावडरीच्या डब्याची चौकशी सुरू होते. त्याआधी वाण्याकडचं सोया चंक्सचं, म्हणजे आपल्या सोयावडीचं पाकीट नीट बघावं. तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाची ही वडी. त्यामुळे चरबी नावापुरती आणि १०० ग्रॅममध्ये प्रोटीन साधारण ५२ ग्रॅम. किंमत तपासायची तर किलोच्या दराला ५२० ने भागा. वडी १६० रुपये किलो असेल तर एक ग्रॅम प्रोटीन ३१ पैशांना पडतं. पनीर ४०० रुपये किलो धरलं तर तेच सव्वादोन रुपयांच्या घरात जातं.

फसगत होते ती मोजण्यात. ५२ चा आकडा कोरड्या वडीचा आहे. ५० ग्रॅम कोरड्या वड्या उकळून पिळल्या की दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात, प्रोटीन मात्र २६ ग्रॅमच राहतं. शिजलेल्या १०० ग्रॅम वड्या खाऊन प्रोटीन मोजायच्या अ‍ॅपमध्ये ५२ टाकणारा रोज ३५ ग्रॅमने मागे राहतो, आणि मग 'वडीने काही होत नाही' म्हणतो.

रस्सा पाणचट होणं, तोंडात कच्चा वास येणं, ही तक्रारही वडीची नसून करण्याची. वड्या थेट कुकरमध्ये रश्श्यात टाकल्या की वासाचं पाणी आतच राहतं. एक लिटर पाणी उकळून, मीठ घालून ५० ग्रॅम वड्या पाच-सात मिनिटं उकळा. ते पाणी फेकून द्या. पोटात गुबारा धरायला लावणाऱ्या साखरांपैकी बऱ्याचशा त्यातच उतरलेल्या असतात. मग गार पाणी घालून मुठीत घट्ट पिळा, असं दोन-तीनदा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पिळलेली वडी स्पंजच असते, समोर येईल ते शोषते. म्हणून आधी दही, आलं-लसूण, तिखट-मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि मग कमी तेलावर परता. तळायला गेलात तर तेल पिऊन कॅलरीचा हिशेब बिघडवते. मोठी वडी आतून कोरी लागत असेल तर अर्धी चिरा. खिमा करायचा तर ग्रॅन्युल्स, म्हणजे सोयाचे बारीक दाणे घ्या, ते दोन-तीन मिनिटांतच मऊ होतात. जास्त उकळले तर लगदा.

आता व्हेशी तुलना. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांपैकी स्नायू बांधायचा इशारा देणारं ल्यूसिन सोया प्रोटीनमध्ये साधारण ८ टक्के, व्हेमध्ये १० च्या पुढे. म्हणजे २५ ग्रॅम व्हे प्रोटीनचं काम व्हायला इथे ३० ग्रॅमच्या वर लागतं, कोरड्या वड्या ६० ग्रॅम. शिवाय सोयात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी असतं. ते भाकरी, भात, अंड्यातून येतं, त्यामुळे नुसती वाटीभर वडी खाण्यापेक्षा जेवणातच घ्या.

वजन वाढवणाऱ्यांना एवढ्यावर भागत नाही. ६५ किलोच्या माणसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर दिवसाला १०४ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० ग्रॅम वड्यांचे २६, तीन अंड्यांचे १८, अर्धा लिटर दुधाचे १६, दोन वाट्या घट्ट वरणाचे १२ ते १४. उरलेलं भाकरी, दही, शेंगदाणे भरून काढतात. पोळी-भात बंद करून वड्यांवर जोर दिला तर मात्र शरीर तेच प्रोटीन इंधन म्हणून जाळायला लागतं. गरजेपेक्षा ३०० कॅलरी जास्त गेल्या पाहिजेत.

'सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात' ही भीती जिममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. सोयातल्या फायटेट या लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे लोह कमी मिळतं, म्हणून वरून लिंबू पिळा.

घेताना घटकांच्या यादीत तेल काढलेलं सोया पीठ पहिलं आणि शक्यतो एकटंच असावं. मसाला लावलेली तयार पाकिटं टाळा, त्यात मीठ फार असतं. पावसाळ्यात पाकीट फोडलं की वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. सादळल्या की कुबट वास येतो. पिळलेल्या वड्या फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहतात, त्यामुळे दोन दिवसांच्या एकदम उकळून ठेवल्या तरी चालतं.